पिसांची गोधडी

५ ऑक्टोबर, शनिवार

ब्रिटाने आज सगळ्यांना वह्या वाटल्या. गोधडीच्या कार्यशाळेत जे शिकलात ते त्याच दिवशी घरी जाऊन लिहा, नाहीतर पुढच्या महिन्यात येता तेव्हा पाटी कोरी असते, असं तिचं म्हणणं. खरं आहे. म्हणून लिहितेय.

शिकले: वळणाची जोडणी. पोकळ बाजूचा तुकडा वर, फुगीर बाजूचा खाली. आधी मधोमध टाचणी, मग दोन्ही टोकांना, मग उरलेल्या जागेत. कापड ओढायचं नाही, त्याच्या कलाने घ्यायचं. याचा पहिला अर्धा भाग सप्टेंबरच्या कार्यशाळेत झाला होता. उरलेला आज झाला.

सप्टेंबरच्या त्या शनिवारीच ऑर्लिन गेला. माझा नवरा. एकदा लिहून टाकलेलं बरं, म्हणजे पुन्हा लिहायला नको. कॅफेची पाटी रंगवताना शिडीवरून पडला. पाय घसरला. कार्यशाळा भरते त्या ब्रिटाच्या दुकानाच्याच रस्त्यावर कॅफे, टोकाला. भोंगा वाजला तेव्हा आम्ही म्हटलं, बारा वाजले. गावात रोज दुपारी बाराला जो भोंगा वाजतो तोच आग लागली की वाजतो आणि कुणाला काही झालं तरी वाजतो. आम्ही कात्र्या खाली ठेवल्या आणि डबे उघडले. मी लिंबाची वडी खाल्ली, ती छान झाली होती. वडी संपली आणि शेरीफचा माणूस दारात आला.

आजही भोंगा वाजला. सगळ्याजणी चोरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी घड्याळाकडे न बघता खाली पडलेल्या टाचण्या गोळा करत राहिले. मला काही झालं नाही. मला काहीच होत नाही, हेच मी लाव्होनला महिनाभर सांगतेय.

लाव्होन म्हणजे ऑर्लिनची धाकटी बहीण. तीच आज मला गाडीत घालून घेऊन गेली. "चल ऊठ, पैसे भरलेत तू वर्षाचे," म्हणाली. मी उठले.

१० ऑक्टोबर

लोकांची भांडी परत करायला काढली. मयताच्या वेळी आलेली. प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर नाव. चर्चमधली निम्मी बायकामंडळी माझ्या ओट्यावर पालथी पडली होती. अजूनही आठवड्यातून एखादी ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्या-खिम्याची हॉटडिश येतेच. मी खाते. चव लागत नाही, पण मीठ बरोबर आहे का एवढं कळतं. शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य गेलं माझं, जीभ सवयीने काम करते.

भांडी काढताना कपाटात ती उशीची खोळ दिसली. तिच्यात गोधडी आहे. म्हणजे गोधडीचा नुसता वरचा थर, अजून अस्तर नाही आणि मधला कापूस नाही. निळे-पांढरे तुकडे, मधे मोकळी पांढरी जागा. दोन हिवाळे लागले तो जोडायला. त्या मोकळ्या जागेत पिसांची वेल शिवायची, असं मी कधीपासून म्हणत होते. पण मला सरळ रेषेखेरीज काही जमत नाही. ना काढता येत, ना शिवता येत.

ऑर्लिन म्हणाला, "काढतो मी. तू शिवायला शीक." पाट्या रंगवणारा माणूस. गावातली आणि आजूबाजूच्या पाच गावांतली अक्षरं त्याच्या हातची. धान्याच्या कोठारावरचा दहा फुटी गव्हाचा लोंबा त्याने दोरीला लटकून हाताने काढलाय, नमुना न घेता. त्याला पिसं म्हणजे काय!

मी त्याला पाण्याने जाणारं निळं पेन दिलं होतं. ते त्याला नको. इस्त्रीने उडून जातं ते दुसरं पेन हवं. म्हटलं, "अरे ते चुकून गरम लागलं तर सगळं जाईल." म्हणाला, "हे सुळसुळीत चालतं." ऐकेल तर तो ऑर्लिन कसला. सगळा उन्हाळा मी गावात गेले की तो जेवणाच्या टेबलावर कापड पसरून बसायचा. मी असताना कधी नाही. "कुणी बघत असलं की हात अवघडतो," म्हणायचा. त्या हाताने त्याने जत्रेत लोकांच्या गराड्यात पाट्या रंगवल्या आहेत.

जुलैत एकदा घरी आले तर माझी छोटी इस्त्री टेबलावर तापलेली. मी भडकलेच. "घर जाळणार आहेस का? आयुष्यात एक शर्ट इस्त्री केला नाहीस, आज काय सुचलं?" म्हणाला, "तोंडावरच्या सुरकुत्या काढत होतो. निघाल्या का बघ." मला हसू आलं आणि भांडण तिथंच राहिलं.

ऑगस्टच्या शेवटी त्याने घडी घालून खोळ माझ्या हातात दिली. एकदा उलगडून पाहिली. देखणी वेल. मग मी ती कपाटात ठेवली, नोव्हेंबरच्या कार्यशाळेपर्यंत.

ही गोधडी आमच्या पलंगासाठी आहे. मी सध्या हॉलमधल्या आरामखुर्चीत झोपते. पाठीला बरं पडतं.

२ नोव्हेंबर, शनिवार

शिकले: मोकळी शिवण. मशीनचे दाते खाली करायचे, म्हणजे मशीन कापड ओढत नाही. कापड आपणच दोन्ही हातांनी फिरवायचं. मशीन वेगात, हात सावकाश. थांबायचं झालं तर सुई खाली, कापडात रुतलेली ठेवून थांबायचं, नाहीतर कापड सरकतं आणि रेषा तुटते. ब्रिटाने हे तीनदा सांगितलं. सुई खाली.

आणि हेही लिहायला हवं.

सकाळी निघण्याआधी गोधडी काढली. घड्या पडल्या होत्या. मी इस्त्री लावली आणि घड्या काढल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नीट, कडा दाबून, वाफेसकट. वर्षानुवर्षं करते तसं. मग ती टेबलाच्या काठावरून खाली सोडली तेव्हा दिसलं की पांढऱ्या जागेत काही नाही.

मी तशीच घडी घातली आणि घेऊन गेले.

ब्रिटाने टेबलावर पसरली. सगळ्या गोळा झाल्या. ब्रिटा म्हणाली, "आर्डिस, यावर पिसं होती ना? ऑर्लिननी काढलेली?"

"होती. इस्त्री केली."

लाव्होनने तोंडावर हात ठेवला. एकजण तर रडायलाच लागली. तिला मीच कागदी रुमाल दिला.

ब्रिटा म्हणाली, "थांबा, घाबरू नका. हे पेन गरमीने जातं, पण खूप गार झालं की परत दिसतं. रात्रभर फ्रीझरमध्ये टाका. सगळं नाही, पण बरंचसं येतं."

"बरं," म्हटलं. "टाकते."

मग भोंगा वाजला आणि आम्ही जेवायला बसलो.

३ नोव्हेंबर

मला माहीत होतं. पेन मीच आणलं होतं, बजावलंही मीच होतं. इस्त्री फिरवताना हे डोक्यात कुठे होतं? आठवून पाहिलं. डोक्यात काहीच नव्हतं. मुद्दाम केलं का, हा प्रश्न स्वतःला विचारला.

१७ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीचा मोसम. चुकून गोळी लागू नये म्हणून गावात सगळे नारिंगी कपड्यांत फिरतात. बर्फ पडलं आणि राहिलं.

मुलीचा फोन आला. मार्नी फिनिक्सला असते, तिथे लोक अजून पोहतात. म्हणाली, "आई, तू रडतेस का गं कधी?" म्हटलं, "डोळे कोरडे पडलेत, डॉक्टरने थेंब दिलेत." ती हसली नाही. मला ते विनोदी वाटलं होतं.

मोकळ्या शिवणीचा सराव केला, जुन्या चादरीच्या तुकड्यांवर. भयंकर. कुठे टाके गहू-गहू, कुठे मोहरी. वळण घ्यायला गेलं की हात झटका खातो. कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखं दिसतं.

गोधडी फ्रीझरमध्ये टाकलेली नाही. फ्रीझर तळघरात आहे. त्यात जागाही नाही, ऑर्लिनने उन्हाळ्यात पकडलेल्या माशांची पाकिटं भरली आहेत. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि तळ्याचं नाव, त्याच्या ठसठशीत अक्षरात, खाली एक बारीक रेघ. लोक पाटीसाठी वाट बघायचे आणि हा माशांवर अक्षरं कोरत बसायचा. ती पाकिटं बाहेर काढायची म्हणजे सगळं हलवावं लागेल. शिवाय मला मासे सध्या खावेसे वाटत नाहीत. तळघराचा दिवाही गेलाय.

७ डिसेंबर, शनिवार

शिकले: कापडावर कापड शिवणं. पाकळी कापायची, कड सुईच्या टोकाने आत वळवायची आणि लपता टाका घालायचा. टाका दिसला तर उसवायचं. हे मला बरं जमलं. ब्रिटा म्हणाली, "बघा, हात किती शांत आहे तुमचा." हात शांत आहे, कारण आत काही हलतच नाही. हे तिला सांगितलं नाही.

मी आता बऱ्याच गोष्टी शिकलेय. वळण, कागदावरची शिवण, पाकळ्या. प्रत्येकीचा एकेक नमुना करते आणि खणात टाकते. खण भरत आलाय.

जेवताना लाव्होनने विषय काढला. आमच्या गोधडीच्या मंडळात एक टेबल असतं, अडलेल्या गोधड्यांचं. कुणाला पुढे जमेनासं झालं, डोळे गेले, कंटाळा आला, कुणी वारलं, की त्यांचं अर्धवट काम तिथं येतं. ज्याला हवं तो उचलतो आणि पुरं करतो. कुणी कुणाला का म्हणून विचारत नाही.

"ती गोधडी टेबलावर ठेव," लाव्होन म्हणाली. "ब्रिटाच्या मोठ्या मशीनवर पिसांचा नमुना आहे. बटण दाबलं की आपोआप शिवतं. एका दिवसात होईल."

ब्रिटा म्हणाली, "लाव्होन, त्यांनी अजून फ्रीझरमध्ये..."

"तू गप गं. ती टाकणार नाही. मी ओळखते तिला. आमच्या घरात आली तेव्हापासून हो म्हणते आणि करत काही नाही."

"जागा नाही फ्रीझरमध्ये," मी म्हटलं.

"माझ्यात आहे. दे मला, मी टाकते."

"तुझ्यात कांद्याचा वास येतो."

लाव्होन माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे अगदी त्याच्यासारखे आहेत, करडे, कडेला पिवळे. मी दुसरीकडे बघितलं.

"विचार करते," म्हटलं.

२४ डिसेंबर

लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटल्या. लाव्होन भाजायला होती. दरवर्षी ऑर्लिन पहिली गरम लेफ्से लोणी-साखर लावून उभ्या उभ्या खायचा आणि म्हणायचा, "जरा जाड झाली, आणखी एक देऊन बघ." यंदा पहिली ताटात पडून राहिली, तशीच गार झाली. नंतर लाव्होनने खाल्ली.

"जरा जाड झाली," म्हणाली आणि नाक पुसलं. मी पुढची लाटायला घेतली.

चर्चमध्ये मेणबत्त्या लावून गाणी झाली. सगळे हुंदके देत होते. मी मेण सांडू नये म्हणून सांभाळत होते.

११ जानेवारी

गोधडी देऊन टाकली.

लाव्होन सकाळी आली, बर्फ झाडत. "आज ब्रिटाकडे चाललेय. देतेस का?" मी कपाटातून खोळ काढून तिच्या हातात दिली. पुरं होऊ दे एकदाचं. मशीन एकसारखी, नेटकी पिसं शिवेल, पलंगावर पडेल, कुणी विचारणार नाही. मी हो म्हटलं तेव्हा लाव्होन दारातच थांबली.

"खरंच देतेस? भांड तरी माझ्याशी."

"कशाला भांडू?"

"त्याच्या हातची होती आर्डिस."

"आता नाहीये ना. मी घालवली."

तिने खोळ गाडीच्या डिकीत टाकली. पुढच्या सीटवर जागा होती, तरी डिकीत. ती अशीच आहे, हाताला येईल तिथे वस्तू ढकलते.

मग मी कॉफी केली आणि खिडकीशी प्याले.

१६ जानेवारी

शाळा बंद. उद्याही बंद. पारा शून्याखाली तीस, वाऱ्याने आणखी. खिळे रात्री भिंतीत कडाडतात. गाडीच्या इंजिनाचा हीटर विजेला लावून ठेवला, तरी ती सकाळी म्हाताऱ्यासारखी खोकली.

ब्रिटाला फोन केला, सहज. गोधडी झाली का म्हणून. ब्रिटा म्हणाली, "माझ्याकडे आलेलीच नाही अजून." मग लाव्होनला केला. म्हणाली, "अगं विसरलेच. डिकीतच आहे. आणि गाडी आता गारठून बंद पडलीय." म्हटलं, "तू ब्रिटाच्या समोर राहतेस. रस्ता ओलांडून द्यायची होती." म्हणाली, "एवढ्या थंडीत?"

विसराळू आहेच ती. गेल्या वर्षी टर्की ओव्हनमध्ये विसरली होती.

२१ जानेवारी

हे नीट लिहायला हवं.

लाव्होन दुपारी आली. कसलाही फोन नाही. गाडीही ठणठणीत चालू होती. तिने बूट काढले नाहीत, तशीच आत आली आणि जेवणाच्या टेबलावरचं सगळं बाजूला सारलं. खोळ उलटी केली. गोधडी पत्र्यासारखी कडक झाली होती. तिने ती उलगडली आणि बाजूला सरकून उभी राहिली.

पिसं परत आली होती.

फिकट, पण होती. पूर्ण वेल, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आणि ती एकटी नव्हती. प्रत्येक पिसाखाली आणखी पिसं होती. एकावर एक. त्याने काढलेली आणि पुसलेली सगळी. इस्त्री फिरवून फिरवून पुसलेली, ती सगळी थंडीत परत आली होती. जुलैतली तापलेली इस्त्री मला आठवली.

खालच्या रेषा थरथरत होत्या. फुटक्या काचेच्या कडेसारख्या दातेरी. एखादं पीस वळणापर्यंत नीट जायचं आणि मग उधळायचं. मग तेच पुन्हा. मग पुन्हा. सगळ्यात वरची रेषा तेवढी गुळगुळीत, जी त्याने मला दाखवली. ती काढायला त्याला किती वेळा बसावं लागलं, ते सगळं तिथं होतं.

एका कोपऱ्यात, फसलेल्या पिसाशेजारी, त्याने एक कोंबडी काढली होती. पिसं उपटलेली, नागडी, रागावलेली.

लाव्होन ती बघून हसली आणि हसतानाच रडायला लागली.

"बाबांचा हात," ती म्हणाली.

"काय?"

"आमच्या बाबांचा असाच झाला होता शेवटी. चहाचा कप धरता येईना. ऑर्लिन त्यांची दाढी करायचा." तिने बोटाने एक दातेरी रेषा गिरवली, कापडाला न लावता. "मला नव्हतं सांगितलं त्याने. शप्पथ. तुला?"

"नाही."

"पण मग तो शिडीवर..."

"पाय घसरला," मी म्हटलं.

टेबलाची कड धरून आम्ही दोघी उभ्या राहिलो. कापड हळूहळू मऊ पडत गेलं. मला वाटलं घरातल्या उबेने रेषा जातील. गेल्या नाहीत.

निघताना म्हणाली, "ब्रिटाकडे नेऊ परत?"

मी म्हटलं, "हात लावू नकोस."

तिने माझा गाल ओढला, एखाद्या पोरीचा ओढावा तसा, आणि गेली.

मग मी तळघरात गेले. दिवा गेलेला नव्हता, बल्ब नुसता सैल होता. फ्रीझर उघडला. वरची पाकिटं जूनची, अक्षरं पाटीवरच्यासारखी. ती बाजूला केली. खालची ऑगस्टची. तारीख तीनदा गिरवलेली, तळ्याचं नाव रांगत गेलेलं, खालची रेघ कुठेच नाही. नवे मासे त्याने खाली सरकवले होते आणि जुने वर ठेवले होते. मी नेहमी वरचंच काढते, हे त्याला माहीत होतं.

२२ जानेवारी

राग आलाय.

हे लिहून बघतेय, कारण सप्टेंबरपासून काहीच आलं नव्हतं, आणि आला तर हा. ऑर्लिन, तुझा हात जात होता आणि तू मला सांगायचं सोडून कोंबडी काढलीस, तीही पुसून टाकलीस. मी तुला त्या शिडीवर चढू दिलं नसतं. दारात आडवी पडले असते. म्हणूनच सांगितलं नाहीस. आणि मला त्याच रस्त्यावर वळणं शिकायला सोडून तू त्या पाटीवर "सूप आणि सँडविच" मधलं "सूप आणि सँड" एवढंच लिहिलंस. कॅफेवाल्याने ते अजून तसंच ठेवलंय. लोक तिथून जाताना टोपी काढतात. मी चार महिने दुसऱ्या रस्त्याने जातेय.

आज त्याच रस्त्याने गेले. थांबले आणि ती अक्षरं पाहिली. "सूप" छान आहे. "सँड" मधे हात गेलाय. जवळ गेलं तर दिसतं. कुणी जवळ जात नाही.

आता पाय घसरला असं मी कुणाला सांगणार नाही. हात थरथरत होता आणि तो लिहीत होता, असं सांगणार.

२६ जानेवारी

अस्तर पसरलं, कापूस पसरला, वर गोधडी. तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी धरले. इस्त्री कपाटात सगळ्यात वर ठेवली, खुर्चीवर चढल्याशिवाय निघणार नाही अशी.

१ फेब्रुवारी, शनिवार

गोधडी कार्यशाळेत नेली. आजचा विषय दुसराच होता, कडपट्टी लावणं. ब्रिटाने मला खिडकीशी वेगळं मशीन दिलं.

तिने चष्मा लावून बराच वेळ गोधडी पाहिली. कोंबडी पाहिली तेव्हा ओठ चावला. मग म्हणाली, "आर्डिस, यातली कुठली रेषा शिवणार? वरची गुळगुळीत आहे ती घ्या. पण खरं सांगू, तुमच्या हाताने अजून तशी जमणार नाही. आणखी एक वर्ष सराव लागेल. नाहीतर मशीन..."

"खालची," म्हटलं.

"ती वेडीवाकडी आहे."

"मीही आहे."

मागून लाव्होन म्हणाली, "हे मात्र खरं बोललीस." सगळ्या हसल्या. मला वाटतं मीही हसले.

मशीनचे दाते खाली केले. पहिल्या पिसाच्या देठाशी सुई उतरवली. वळणाशी आले आणि माझा हात नेहमीसारखा झटका खाऊन गेला, आणि रेषाही तिथंच झटका खात होती. मी पुढे गेले. पुन्हा हात सुटला, पुन्हा रेषा तिथंच. माझा चिखलातला हात आणि त्याचा गेलेला हात. सराव करून जे जमत नव्हतं ते इथे आपोआप जमत होतं. तो पुढे जात होता आणि मी त्याच्या मागून. एक पीस झालं. मग दुसरं. कापड कुठेही ओढलं गेलं नाही.

ब्रिटा मागे उभी होती. तिने काही शिकवलं नाही.

तिसऱ्या पिसाच्या वळणावर होते तेव्हा भोंगा वाजला.

सगळ्यांनी कात्र्या ठेवल्या, डबे उघडायचा आवाज झाला. मी मान वर केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सप्टेंबरपासून त्या खोलीत पहिल्यांदा पाहिलं. बारा वाजले होते. खरोखर बाराच वाजले होते. कुणाला काही झालं नव्हतं. रस्त्यावर कुणी धावत नव्हतं, दारात कुणी येणार नव्हतं. त्या दिवशी मी एकदा मान वर केली असती तर बारा वाजले नव्हते हे दिसलं असतं, आणि रस्त्याच्या टोकापर्यंत मी धावत गेले असते.

मग मला रडू आलं. मोठ्याने, नाक, तोंड, सगळं. लाव्होनची खुर्ची पडल्याचा आवाज आला. तिने मागून मला धरलं, तिच्या तोंडाला लिंबाच्या वडीचा वास होता. कुणी मला गप्प हो म्हटलं नाही.

बऱ्याच वेळाने डोळे पुसून खाली पाहिलं. मला आठवत नाही मी कधी थांबवलं ते, पण सुई खाली होती, कापडात रुतलेली. रेषा तुटली नव्हती.